लाईटची वही

वाल्मीक रावजी पगार यांच्याबद्दल वर्तमानपत्रात आजवर एकदाच छापून आलं, आणि त्यात त्यांचं नाव नव्हतं. 'आकाशातला दुर्मीळ संकेत समजला शेतपंपाचा आवाज; स्थानिक कर्मचाऱ्याची गमतीदार चूक' असा मथळा होता. गमतीदार हा शब्द बातमीदाराच्या पदरचा. नाशिकच्या म्हसरूळमधल्या त्यांच्या दोन खोल्यांत कुणाला गंमत वाटली नाही. वाल्मीकभाऊंच्या बायकोनं, सिंधुबाईंनी, तो कागद मेथी निवडायला पसरला आणि देठांसकट गुंडाळून टाकून दिला. 

तर हा स्थानिक कर्मचारी कोण, हे आता कुणीतरी नीट सांगायला हवं.

मूळ गाव कळवण तालुक्यात. तिकडे पगार हे आडनाव पैशाला पासरी. पण ज्याला जन्मात कायमचा पगार लागला नाही असा पगार आपण एकटेच, असं ते स्वतःच सांगत आणि समोरच्याच्या आधी हसून घेत. आयटीआयला रेडिओ-टीव्ही मेकॅनिक झाले, काही वर्षं अंबडच्या एका कारखान्यात काढली, मग म्हसरूळला रिपेअरिंगचं दुकान टाकलं. हात असा की बंद पडलेला रेडिओ कानाशी धरून नुसता हलवायचे आणि कुठला सांधा सुटलाय ते सांगायचे. पुढे टीव्ही असे निघाले की बिघडले तर लोक दुरुस्त करायच्या ऐवजी बदलू लागले. दुकानाला कुलूप लागलं. २०११ साली दिंडोरीच्या पुढे एका माळावर एका संशोधन संस्थेनं जाळीच्या बारा मोठ्या तबकड्या उभ्या केल्या. तिथे देखभालीला कंत्राटी माणूस हवा होता, तेव्हा वाल्मीकभाऊ तिथे लागले.

तबकड्या हा शब्द संस्थेचा. आसपासच्या द्राक्षबागायतदारांनी पहिल्याच दिवशी त्यांना छत्र्या म्हटलं आणि माळाचं नाव छत्र्यांचा माळ पडलं. एवढ्या छत्र्यांवर चॅनल किती दिसतात, असं लोक विचारत. वाल्मीकभाऊ आधी समजावून सांगत, मग कंटाळले आणि सगळे दिसतात म्हणू लागले.

केंद्राचे प्रमुख डॉ. महेश उपासनी. हुशार माणूस, बोलणं मऊ, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी वाल्मीकभाऊंना काम समजावलं ते मात्र मनापासून. आकाशात फार फार लांब कुठेतरी काहीतरी भडकतं आणि त्याचा रेडिओ-आवाज आपल्यापर्यंत येतो. डोळ्याचं पातं लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्या शंभराव्या हिश्शात येतो आणि संपतो. पुन्हा येईलच असं नाही. इतक्या लांबून येताना तो वाटेत विस्कटतो. बारीक सूर आधी पोचतात, जाड सूर मागून. शाळा सुटल्यावर पोरं पुढे पळतात आणि मास्तर मागून येतात, तसं. म्हणून कागदावर त्याची रेघ तिरपी उमटते. जवळपास कुठे ठिणगी पडली तर सगळे सूर एकदम येतात आणि रेघ सरळ उभी असते.

दिवसा मोटारी, मोबाइल, कारखाने यांचा एवढा कलकलाट की छत्र्या फक्त रात्रीच कान लावून बसत. कॉम्प्युटर रात्रभर ऐके आणि संशयित तेवढे बाजूला काढी. सकाळी सात वाजता वाल्मीकभाऊ चहा घेऊन बसत आणि एकेक रेघ तपासत. नोंदवहीत तारीख, वेळ आणि शेवटच्या रकान्यात खूण. त्या रकान्याला संस्थेनं लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. वाल्मीकभाऊंनी तिथे दोनच अक्षरं ठेवली. आकाशातून आलेलं ते वरचं, म्हणून 'व'. जमिनीवरचं ते आपलं, म्हणून 'आ'. उपासनी साहेबांना ते आवडलं आणि पुण्याहून आलेले पाहुणेही 'आ' आणि 'व' म्हणू लागले. नियम एकच होता. 'आ' लिहायला कुणाला विचारायचं नाही. 'व' लिहायचा असेल तर आधी साहेबांना दाखवायचं, त्यांनी होकार दिल्याशिवाय लिहायचं नाही.

पाच वर्षांत वाल्मीकभाऊंनी हजारो 'आ' लिहिले. 'व' एकही नाही. निदान एक 'व' लिहूनच इथून जायचं, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. सिंधुबाईंना ते सांगितलंही होतं. त्यांना ते नीटसं कळलं नाही, पण नवरा एवढ्या मोठ्या वयात कशासाठी तरी झुरतोय म्हणून त्या सप्तशृंगीला त्याच्या वतीनं नारळ बोलून आल्या. तो नारळ अजून फुटायचा आहे.

मग २०१६ साली भिमाजीच्या विहिरीवरच्या मोटारीचं प्रकरण झालं. तीन महिने रात्री तिरप्या रेघा येत होत्या. पाचसहा नव्हे, चांगल्या एकोणतीस. उपासनी साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. बंगळूरला मोठ्या परिषदेत त्यांनी ते जाहीरही करून टाकलं; नोंदवहीतले 'व' परत आल्यावर लिहू म्हणाले. इकडे वाल्मीकभाऊ नोंदवही चाळत होते आणि त्यांना दिसलं की रेघा एक आठवडा येतात आणि पुढचा आठवडा येत नाहीत. आकाशाला असा आठवड्याचा हिशेब कशाला असेल? तो हिशेब वीजमंडळाचा. शेतीची लाईट एक आठवडा दिवसाची आणि एक आठवडा रात्रीची असते, हे पुण्याहून आलेल्या साहेबांना कुठून ठाऊक असणार. ज्या आठवड्यात रात्रीची लाईट, त्याच आठवड्यात रेघा. वाल्मीकभाऊ मोटारसायकल काढून शेजारच्या मळ्यात गेले. भिमाजीच्या विहिरीवर ऑटो लावलेला होता, म्हणजे लाईट आली की भिमाजी घरी घोरत असला तरी मोटार आपसूक चालू. स्टार्टरचे पॉइंट जळून काळे पडलेले. वाल्मीकभाऊंनी केंद्रावर फोन लावून ठेवला आणि भिमाजीला मोटार चालू-बंद करायला सांगितली. दर वेळी तिकडे पडद्यावर रेघ, आणि तीही तिरपी. जळालेला स्टार्टर इतका सोंगाड्या निघेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. माझी मोटार पार वरपर्यंत ऐकू गेली का, असं भिमाजीनं कौतुकानं विचारलं.

साहेबांना परिषदेला पत्र लिहून सगळं मागे घ्यावं लागलं. नाक कापलं गेलं. वाल्मीकभाऊंची पाठ त्यांनी सगळ्यांदेखत थोपटली, पण त्या दिवसापासून वाल्मीकभाऊंकडे बघताना त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडायची. आपली फजिती ज्यानं शोधून काढली तो माणूस आवडत राहणं कठीणच असतं.

तेव्हापासून वाल्मीकभाऊंनी घरची एक वेगळी वही केली. जाड पुठ्ठ्याची, दोनशे पानी. रोज सकाळी वायरमन सोमनाथला फोन करायचा आणि रात्री लाईट किती वाजता आली, किती वाजता गेली ते विचारून लिहायचं. तारीख, वेळ, लाईट आणि शेवटी केंद्रावरच्या नोंदवहीतली खूण. हिला घरात लाईटची वही म्हणत. सोमनाथ पहिल्यांदा चिडायचा, मग सवयीनं वाल्मीकभाऊंचा फोन नाही आला तर तोच करायचा.

मुलगी निकिता तेव्हा बारावीत. कॉलेजातून आल्यावर ती ही वही बापाच्या मांडीला मांडी लावून बघायची. तिला त्यांनी एकच गोष्ट शिकवली, आणि ती बजावून शिकवली. नोंद तेव्हाच्या तेव्हा लिहायची. नंतर आठवून लिहिलेली नोंद ही नोंद नसते. तारीख आणि वेळ आधी टाकायची, बाकीचं मग. निकितानं फिजिक्स घेतलं ते या वहीपायी, असं ती सगळ्यांना सांगते.

आता १२ फेब्रुवारी २०१९. त्या सकाळी वाल्मीकभाऊ चहा पिता पिता थांबले. पहाटे तीन वाजून बारा मिनिटांनी एक रेघ आली होती. एकच. अशी तिरपी, अशी लांबलचक की भिमाजीच्या स्टार्टरनं साता जन्मांत काढली नसती. बारीक सूर येऊन गेल्यावर जाड सूर यायला एवढा उशीर, म्हणजे किती लांबून आलं असेल, या विचारानं ते खुर्चीतून उठलेच. त्यांनी आधी सोमनाथला फोन केला. सोमनाथ म्हणाला की रात्री अकरा दहाला तार तुटली होती, पाच वाजून पाच मिनिटांपर्यंत या भागाला लाईट देणारा सगळा फीडर बंद होता, आपण रात्रभर खांबावर होतो. केंद्र बॅटरीवर चाललं होतं. आसपासच्या दहा गावांत एकही मोटार चालू होणं शक्य नव्हतं.

वाल्मीकभाऊंनी नोंदवहीत तारीख लिहिली, वेळ लिहिली, शेवटचा रकाना मोकळा ठेवला आणि ती घेऊन साहेबांकडे गेले. 

साहेबांनी कागद बराच वेळ बघितला. त्यांना कळलं होतं. तो चेहरा वाल्मीकभाऊ विसरलेले नाहीत. क्षणभर भूक लागलेल्या माणसासारखा दिसला आणि मग मिटला. शुक्रवारी दिल्लीची समिती केंद्र बघायला यायची होती. केंद्राचं पुढचं सगळं तिच्यावर होतं आणि समितीवरच्या दोघांनी बंगळूरचं ते भाषण ऐकलेलं होतं, ते मागे घेतल्याचं पत्रही वाचलेलं होतं. साहेबांनी हळूच विचारलं की जनरेटर कुणाकडे असेल का. वाल्मीकभाऊंनी नाही म्हटलं. मग साहेब म्हणाले, डुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावतात ना, ते तर बॅटरीवर चालतं.

"साहेब, झटका मशीन सेकंदा-सेकंदाला ठोका देतं," वाल्मीकभाऊ म्हणाले. "हे एकदाच आलंय. आन् लाईटच नव्हती साहेब. हे वरचं हाय."

 टेबलाचा खण उघडून साहेबांनी एक पाकीट काढलं आणि ते नोंदवहीवर ठेवलं. निकिता तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होती. पुण्याच्या मोठ्या संस्थेत पुढच्या शिक्षणाला अर्ज केला होता आणि त्यासाठी उपासनी साहेबांचं शिफारसपत्र लागत होतं. पंधरा दिवस वाल्मीकभाऊंचा जीव टांगणीला लागला होता, आणि विचारायची हिंमत होत नव्हती.

"हे निकिताचं," साहेब म्हणाले. "आणि हे एक आजचं. आपलं लिहून टाका, पगार. शुक्रवार होऊ दे, मग बघू."

बस, एवढंच. धमकी नाही, अट नाही, आवाजसुद्धा नेहमीचा. पाकीट नोंदवहीवर होतं. लिहायचं तर ते उचलावं लागणार होतं. वाल्मीकभाऊंनी ते उचलून खिशात घातलं आणि खिशाला लावलेल्या पेनानं उभ्याउभ्याच 'आ' लिहिला. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचा त्यांना पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला.

शुक्रवार झाला. समिती खूश होऊन गेली. मग बघू म्हणालेलं पुन्हा कुणी बघितलं नाही. वाल्मीकभाऊंनी दोनदा विषय काढायचा म्हणून केबिनपर्यंत जाऊन पाहिलं आणि दोन्ही वेळा छत्रीच्या गिअरला तेल लागेल असलं काहीतरी बोलून परतले. निकिताला प्रवेश मिळाला. पेढे वाटले. ते पाकीट त्यांनी त्या दिवशीच न उघडता सिंधुबाईंच्या हातात दिलं होतं. सिंधुबाईंनी ते निकिताच्या सर्टिफिकेटांच्या फायलीत ठेवलं. वाल्मीकभाऊ त्यानंतर त्या कपाटाच्या वरच्या कप्प्याकडे बघायचेही टाळत. मुलीचं भलं झालं, असं ते स्वतःला रोज समजावत. समजूत पटायची सुद्धा, दुपारपर्यंत.

२०२२ साली रेघा तपासायला नवीन यंत्रप्रणाली आली. ती चहा पीत नाही आणि कुणाच्या तोंडाकडे बघत नाही. वाल्मीकभाऊंचं कंत्राट पुढे वाढलं नाही. अकरा वर्षांत 'व' एकही लिहिला गेला नाही.

आणि २०२४च्या पावसाळ्यात परदेशातल्या एका दुर्बिणीला आकाशाच्या एका तुकड्यातून असे संकेत पुन्हा पुन्हा सापडायला लागले. जगभर शोधाशोध सुरू झाली की हे आधी कुणाला ऐकू आलं होतं का. उपासनी साहेबांनी जुन्या टेप काढल्या आणि सापडलं. पाच वर्षांपूर्वी, १२ फेब्रुवारी, पहाटे तीन बारा. जगात सगळ्यात आधी छत्र्यांच्या माळावर. दिवाळीनंतर नाशिकला एका सभागृहात समारंभ झाला. वाल्मीकभाऊंना आवर्जून बोलावणं होतं, तिसऱ्या रांगेत खुर्ची होती. ठेवणीतला शर्ट घालून ते आणि सिंधुबाई गेले. वाल्मीकभाऊंना वाटलं, साहेब आज सांगतील. सगळं नाही, पण एवढं तरी सांगतील की एक माणूस त्या सकाळी नोंदवही घेऊन आला होता.

साहेबांनी पडद्यावर नोंदवहीचं पान दाखवलं. तारीख, वेळ आणि वाल्मीकभाऊंच्या वळणदार अक्षरातला 'आ', सिनेमाच्या पडद्याएवढा मोठा. मग त्यांनी हसत हसत सांगितलं की आमचे पगार मोठे अनुभवी, पण भिमाजी नावाच्या एका शेतकऱ्याच्या मोटारीनं त्यांना असं काही धास्तावून सोडलं होतं की कोट्यवधी वर्षं चालून आलेला पाहुणा दाराशी आला तर ते म्हणाले, हा आपलाच, मळ्यातला. सभागृह खळखळून हसलं. माणूस आहे, चुकायचाच, असंही साहेब प्रेमानं म्हणाले आणि शाल द्यायला त्यांना वर बोलावलं.

शाल खांद्यावर पडताना वाल्मीकभाऊंनी अगदी जवळून साहेबांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे काहीही नव्हतं. लाज नव्हती, भीती नव्हती. साहेब खरोखरच विसरले होते. पाच वर्षांत त्यांनी ती गोष्ट स्वतःला इतक्या वेळा सांगितली असेल की तीच खरी होऊन बसली. ढोंगी माणसावर निदान चिडता येतं. वाल्मीकभाऊंनी शाल घडी करून काखेत मारली आणि जेवण न घेता ते दोघे रिक्षानं घरी आले. दुसऱ्या दिवशी ती बातमी आली.

त्याच्या पुढच्या रविवारी निकिता पुण्याहून आली. आता ती त्याच विषयात पीएचडी करत होती आणि तिच्या प्रबंधाच्या समितीवर उपासनी साहेब होते. तिच्या प्रयोगशाळेत कुणीतरी मोटारीच्या स्टार्टरचं चित्र काढून तिच्या टेबलावर चिकटवलं होतं. ते तिनं आईला सांगितलं, बापाला नाही. पण दोन खोल्यांच्या घरात एकाला सांगितलेलं दुसऱ्याला ऐकू जातंच.

दुपारी ती पोटमाळ्यावर चढली. खाली आली तेव्हा तिच्या केसांना जळमटं लागली होती आणि हातात लाईटची वही होती. तिचा चेहरा उजळला होता.

"नाना, त्या रात्री लाईटच नव्हती," ती म्हणाली. "अकरा दहा ते पाच पाच. तुम्ही लिहिलंय. सोमनाथकाकांचं नावसुद्धा आहे. मोटारीचा प्रश्नच येत नाही. आणि शेवटचा रकाना कोरा आहे. सगळ्या वहीत हा एकच रकाना कोरा आहे."

तो रकाना कोरा होता हे खरं होतं. केंद्राच्या नोंदवहीत त्यांनी खोटं लिहिलं, पण त्या संध्याकाळी घरच्या वहीत तेच अक्षर उतरवायला हात चालला नव्हता.

ती भराभर बोलत होती. ही वही ती उपासनी सरांसमोर ठेवणार होती. ज्या मासिकात या संकेतावरचा शोधनिबंध छापलाय त्यांनाही पत्र लिहिणार होती. वही तिच्या प्रबंधात जाणार होती, बारावीपासून तिच्या मनात होतं ते, बापाच्या नावासकट. फक्त एकच गोष्ट तिला कळत नव्हती, आणि ती विचारायला ती त्यांच्यासमोर जमिनीवर येऊन बसली, लहानपणी बसायची तशी.

"तुम्हाला माहीत होतं ना? मग 'आ' का लिहिलात?"

वाल्मीकभाऊंनी आयुष्यात पुष्कळ सांधे जोडले होते. या प्रश्नाला कुठला सांधा लागतो ते त्यांना कळत होतं. खरं सांगितलं तर ती उपासनींच्या अंगावर जाईल आणि तिचा प्रबंध तिथेच अडकेल. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. तिला कळेल की आपण ज्या दारानं आत आलो ते दार कशाच्या बदल्यात उघडलं गेलं. मग ती जे जे मिळवेल त्यात तो 'आ' दिसत राहील. पाच वर्षांची तिची मेहनत एका क्षणात बापाच्या लाचारीखाली झाकली जाईल. स्वयंपाकघराच्या दारात सिंधुबाई उभ्या होत्या, त्यांच्याकडे वाल्मीकभाऊंनी बघितलं नाही.

"ते मी मागाहून लिहिलंय," ते म्हणाले.

निकिताला कळलं नाही. काय मागाहून, असं तिनं विचारलं.

"ही वही. रोज कुठं लिहिणं होतं. महिन्याचं महिन्याला सोमनाथला विचारून एकदम भरायचो. अंदाजानं. ते लाईट नव्हती वगैरे, त्याचं काय खरं धरू नको. घाईत तो रकाना राहून गेला असंल."

"सगळी वही?"

"हां. लय काम असायचं."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. आपल्या पोरीला आपण खोटं बोललेलं कळतं, अशी वाल्मीकभाऊंना आशा होती. हो, आशाच होती. तिनं खोटं धरावं, ओरडावं, सोमनाथला फोन लावावा, असं त्यांना आतून वाटत होतं. पण हा माणूस खोटं बोलत नाही, यावरच तर ती लहानाची मोठी झाली होती. तिनं विश्वास ठेवला.

"नंतर लिहिलेली नोंद ही नोंद नसते," ती हळू म्हणाली. "तुम्हीच सांगायचात."

"सांगायचो," ते म्हणाले.

तिनं वही मिटली, त्यांच्या पायाशी ठेवली आणि उठली. आवाज चढवला नाही, रडली नाही. संध्याकाळची गाडी होती ती तिनं चारची केली. निघताना आईच्या गळ्यात पडली. बापाला वाकून नमस्कार केला तो कुणा दूरच्या नातेवाइकाला करतात तसा, हात पायांना न लावता. दारातून बाहेर पडताना म्हणाली की सर बरोबरच बोलले म्हणजे, मी उगीच त्यांच्यावर रागावले होते.

ती गेल्यावर तासाभरानं वाल्मीकभाऊंनी पायाशी पडलेली वही उचलली. मग सिंधुबाईंना म्हणाले, निकिताच्या फायलीतलं ते पाकीट काढ.  सिंधुबाईंनी खुर्चीवर चढून फाईल काढली आणि पाकीट हातात दिलं. एवढं मोल देऊन आणलेलं सामान निदान एकदा उघडून तरी बघावं, एवढंच वाल्मीकभाऊंच्या मनात होतं.

एक पान. वर संस्थेचा शिक्का, खाली साहेबांची सही. निकिता पगार ही आपण पाहिलेल्या विद्यार्थ्यांतली अत्यंत गुणी मुलगी आहे, असं इंग्रजीत चांगलं लिहिलं होतं. तारीख ११ फेब्रुवारी २०१९. तळाशी बारीक अक्षरात छापलं होतं की मूळ पत्र संबंधित संस्थेला ईमेलने रवाना, ११ फेब्रुवारी, सायंकाळी चार चाळीस. पाकिटात होती ती नुसती घरी ठेवायची प्रत.

वाल्मीकभाऊंनी चष्मा पुसून ते पुन्हा वाचलं. आकाशातला तो संकेत यायच्या साडेदहा तास आधीच पत्र पुण्याला पोचलं होतं. त्या सकाळी साहेबांकडे द्यायचं न द्यायचं काही उरलंच नव्हतं. त्यांनी नकार दिला असता, 'व' लिहिला असता, नोंदवही टेबलावर आपटली असती, तरी निकिताचं काहीही अडलं नसतं. अट साहेबांनी घातलीच नव्हती. ती वाल्मीकभाऊंनी स्वतःच स्वतःला घातली आणि स्वतःच मान्य केली. आणि ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक कागदावर आधी तारीख आणि वेळ बघितली, त्यानं हा एक कागद पाच वर्षं उघडला नव्हता.

फोन समोर होता. निकिता अजून सिन्नरच्या आसपासच असेल. त्यांनी नंबर काढला, पडद्यावरच्या तिच्या नावाकडे बघितलं आणि फोन उपडा ठेवला. आता खरं सांगायचं तर त्याला पुरावा तीच वही, आणि ती वही आपण अंदाजानं भरली असं त्यांनी दुपारीच पोरीला पटवून दिलं होतं.

सिंधुबाईंनी चहा आणून ठेवला आणि काय झालं म्हणून विचारलं. ते म्हणाले, काही नाही, पत्र चांगलं लिहिलंय.

मग त्यांनी खिशाचं पेन काढलं, लाईटची वही मांडीवर घेतली आणि १२ फेब्रुवारीचं पान उघडलं. तारीख होती, वेळ होती, लाईट नाही असं लिहिलेलं होतं. शेवटच्या कोऱ्या रकान्यात त्यांनी वळणदार अक्षरात 'आ' लिहिला. त्यासाठी कुणाला विचारायची गरज नव्हती.